पन्नाशीच्या उंबऱ्यावर पखवाज शिकायला घेतलाय. मोठेपणी वाद्य शिकणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

बालाघाट_अंबाजोगाई

रामकृष्णहरी मंडळी.

मी ४९ वर्षांची. अंबाजोगाईत एका पतसंस्थेत काम करते. चौदा महिन्यांपासून पखवाज शिकतेय. लहानपणी कुठलंही वाद्य हातात घेतलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत अकरा जणींचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला बसतो. पेटी एक वहिनी वाजवतात, टाळ सगळ्यांकडे. पखवाजाला जवळच्या वाडीवरचा एक पोरगा यायचा. बारावी झाली आणि तो चाकणला कंपनीत लागला. त्यानंतरच्या दोन एकादशा आम्ही नुसत्या टाळांवर काढल्या. टाळांवर भजन होतं, नाही असं नाही. पण खालचा घुमारा गेला की चाल पोकळ वाटते आणि जिचा तिचा टाळ आपल्या वाटेनं पळायला लागतो. दुसऱ्या एकादशीला आरती झाल्यावर मी म्हणून गेले, "मी शिकते." त्या रात्री झोप लागली नाही.

आधी शहरातल्या एका क्लासमध्ये गेले होते. तिथं ऐकायला मिळालं, "या वयात हात वळत नाही, हौस असेल तर टाळ वाजवा." रडूच आलं होतं. मग नणंदेच्या गावाकडं एक गुरुजी मिळाले. शेती करतात, उभी हयात सप्त्यांमध्ये मृदंग, म्हणजे वारकऱ्यांचा पखवाज, वाजवलाय. माझ्या घरापासून नऊ किलोमीटर. दर रविवारी स्कूटीवर जाते.

पहिले तीन आठवडे गुरुजींनी पखवाजाला हात लावू दिला नाही. नुसते बोल, म्हणजे वाद्याचे आवाज अक्षरांत, म्हणायला लावले. चौताल नावाच्या तालाच्या बारा मात्रा, म्हणजे बारा सारखे ठोके:

धा धा | दिं ता | किट धा | दिं ता | तिट कत | गदि गन

टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला. तिसऱ्या आणि सातव्याला खाली, म्हणजे हात नुसता उलटा करायचा. मला वाटलं, टाळाटाळ करायलेत. एकदा विचारलंच. म्हणाले, "बाई, घाई कशाला करायलाव? आधी तोंडात बसू द्या. हात मागून येतो."

मग भाकरी थापताना म्हटलं, स्कूटीवर म्हटलं, जिना चढताना पायरीला एक मात्रा धरून म्हटलं. चौथ्या रविवारी पखवाज पुढ्यात आला. हात चुकत होते, बोटं कुठंही पडत होती, पण पुढं काय येणार हे एकदाही शोधावं लागलं नाही. तोंड पुढं चालत होतं आणि हात त्याच्या मागं, लेकरू आईच्या पदराला धरून येतं तसा.

मला तरी मोठेपणी शिकणाऱ्याची खरी किल्ली हीच वाटते. गुरुजींकडं दहा-अकरा वर्षांची पोरं येतात. ती हाताकडं बघतात आणि हात उचलतात, मधे काही नाही. आपलं तसं होत नाही. आपण आधी मोजतो, मग आठवतो, मग बरोबर का चूक ते ठरवतो, आणि तोवर मात्रा निघून गेलेली असते. बोल तोंडात पक्का असला की ही मधली सगळी कामं आधीच उरकलेली असतात. हाताला फक्त पडायचं राहतं.

आता एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी कणीक लावतात. तबल्याच्या डग्ग्यावर कायमची शाई असते, इथं दर वेळी ताजी कणीक. पहिल्यांदा गुरुजींनी परात पुढं सरकवली तेव्हा जिवात जीव आला. एवढं एक काम तरी मला येत होतं! पीठ आणि पाणी, मीठ नाही, तेल नाही. पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणाच्या कणकेपेक्षा घट्ट. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, पुडीचा, म्हणजे तोंडावरच्या कातड्याचा, मध्य पाण्याच्या बोटानं ओला करायचा आणि गोळा मधोमध बसवून अंगठ्यानं कडेकडेला पसरत न्यायचा. मधे जाड, कडेला पातळ. मग थाप मारून ऐकायचं. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, चिमटीभर काढली की वर येतो. असं करत करत एका क्षणी तो खालचा सा लागतो आणि आपल्या मांडीला जाणवतो. त्या क्षणासाठी मी रविवारची वाट बघते.

माझ्या अडचणी दोन. डावी थाप जड पडत नाही. आणि अर्ध्या तासानं उजवं मनगट दुखतं. जाणकारांनी सांगावं. पेटी, बासरी, तबला, सतार, जे कुणी मोठेपणी शिकताय त्यांनीही लिहावं.

---

टाळकरी_परभणी

रामकृष्णहरी ताई. वाचून फार आनंद झाला. मी बत्तीस वर्षं सप्त्यात आणि दिंडीत मृदंग वाजवतोय, म्हणून चार शब्द.

डावी थाप ताकदीनं जड होत नसते. पंजा पडल्यावर तो लगेच सैल सुटला पाहिजे. नवा माणूस पंजा पुडीवर दाबून धरतो, मग घुमारा तिथंच मरतो. ओल्या फडक्यानं ओटा पुसताना हात कसा सैल असतो, तसा हात पाहिजे. हवेत दहा वेळा झटका, अकराव्या वेळी पुडीवर टाका. फरक लगेच कळेल.

मनगटाचं दुखणं बहुतेक बैठकीतून येतं. पखवाज जमिनीवर आडवा ठेवता की खाली काही घेता? दोन्ही बाजूंना घडी घातलेलं सुती कापड घ्या, थोडा उचला. उजवा कोपर अंगापासून सुटा राहिला पाहिजे. स्वतः घोंगडीच्या चार घड्यांवर बसा, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात. हे नाही केलं तर पाठ वाकते, खांदा चढतो आणि सगळा भार मनगटावर.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. चौताल आधी घेणं ही रियाजाची वाट झाली, ती चांगलीच आहे. पण मोठ्या माणसानं आठ मात्रांचा भजनी ठेका आधी घ्यावा आणि लवकर मंडळींत बसावं. दहा वर्षांच्या पोराला पाच वर्षं थांबवता येतं. पन्नाशीच्या माणसाला चार जणांत बसून वाजवायला मिळालं नाही तर तो सहा महिन्यांत सोडून देतो. असे कितीतरी बघितलेत, मन तुटतं.

आणि ताई, तुम्ही बसलाय ती भूमी कुणाची आहे! पद्मश्री शंकरबापू आपेगावकर तुमच्याच अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे. (माऊलींचं आपेगाव ते पैठणजवळचं, गोदाकाठचं. लोक नेहमी घोळ करतात.) वारकरी मृदंग आणि मैफलीचा पखवाज एकाच माणसाच्या हातात कसा नांदतो ते ऐकायचं असेल तर बापूंची ध्वनिमुद्रणं ऐका. पण ऐकताना हातावर ताल धरा, नुसतं ऐकू नका.

---

गोदाकाठ_नांदेड

ताई, तुमचं "आधी तोंडात" वाचलं आणि माझी अडीच वर्षं डोळ्यांपुढून गेली. मी ४३ व्या वर्षी पेटी घेतली. गुरू केला नाही. पट्ट्यांवर सा रे ग म ची स्टिकरं चिकटवली आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गाणी बसवायला लागलो. सहा महिन्यांत अकरा गाणी बसली. घरचे खूश, मीही खूश.

मग गावच्या सप्त्यात एका संध्याकाळी पेटीवाले आले नाहीत. मला बसवलं. मी सगळं काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, बसवलेलं. गाणाऱ्या ताईंनी काळी चार मागितली. मंडळी, मला पहिला सूरसुद्धा सापडला नाही. माझ्या बोटांना गाणं येत नव्हतं, फक्त जागा पाठ होत्या. सा सरकला की सगळ्या जागा सरकतात, आणि कुठली किती सरकली हे सांगणारं आत काहीच नव्हतं. त्या ताईंनी शेवटी टाळांवरच गायलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्या रात्री घरी येऊन मी सगळी स्टिकरं खरडून काढली.

आता एका मास्तरांकडं जातो. त्यांचा नियम एकच: जे गळ्यातून निघालं नाही ते पेटीतून काढायचं नाही. सारेग, रेगम, गमप, हा अलंकार आधी गायचा, मग वाजवायचा, मग गात गात वाजवायचा. माझा आवाज चांगला नाही. मास्तर म्हणतात, चांगला नको, सुरात पाहिजे. तोच अलंकार आज पांढरी एक, उद्या काळी एक, परवा पांढरी दोन. गेल्या महिन्यापासून पट्टी बदलली तरी बोटं आपोआप जागा शोधतात. परत ती वेळ आली तर बसेन असं वाटतं.

पेटी घेणाऱ्यांना दोन गोष्टी. भाता सतत आणि सारखा चालला पाहिजे. नवा माणूस प्रत्येक सुराला भाता मारतो आणि सूर धक्के खातो. दुसरं, काळ्या पट्टीवर अंगठा शक्यतो नको. सुरुवातीला अवघड जातं, पुढं जलद जाताना तेच कामाला येतं.

आणि पेटीला कमी लेखणाऱ्यांसाठी: आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात आपल्या देवळांतून आणि मंडळांतून पेटी एक दिवस हलली नाही. पेटीवादक अप्पा जळगावकर जालन्याकडचेच. त्यांची साथ ऐकली की कळतं, गाणाऱ्याच्या मागं दोन पावलं राहून चालणं म्हणजे काय.

---

दुधना_जालना

नमस्कार सगळ्यांना. मी ३१ वर्षांचा, स्टीलच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. लहानपणापासून तबल्याची फार ओढ आहे. पण एक तर पाळी दर आठवड्याला बदलते. दुसरं, भाड्याची खोली, भिंतीपलीकडं लहान लेकरू आहे, रात्री वाजवता येणार नाही. तिसरं म्हणजे मला लयच कळत नाही असं वाटतं. लग्नात टाळ्या वाजवताना सुद्धा माझी टाळी सगळ्यांच्या मागून येते. माझ्यासारख्यानं शिकावं का? खरं सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

---

बालाघाट_अंबाजोगाई

@दुधना_जालना, दादा, शिका. तुमच्या तिन्ही अडचणींना वाद्य लागतच नाही, ही चांगली गोष्ट आहे!

लय कळत नाही असं नसतं. टाळी मागून येते कारण तुम्ही दुसऱ्याची टाळी ऐकून मग मारता. आधी चालायला लागा. पावलांना मात्रा धरा, एक ते आठ, एक ते आठ. पहिल्या मात्रेला हलकी टाळी. पाऊल कधी उशिरा पडत नाही. कारखान्यात जाता-येता दहा-दहा मिनिटं केलं तरी महिन्याभरात फरक पडेल. माझं तसंच झालं, जिन्यावर.

रात्रीचा रियाज मांडीवर होतो. पाटावर जुना टॉवेल चार पदरी टाकून त्यावरही होतो. बोल पुटपुटत हात चालवायचा. लेकरू उठणार नाही. मी रोज पहाटे वीस मिनिटं असंच करते, खरा पखवाज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून बाकीचे सहा दिवस हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी पटीनं बरं.

@टाळकरी_परभणी, दादा, ओट्याच्या फडक्याची खूण बरोबर बसली. काल कापडाच्या घड्या घेतल्या, कोपर सुटा झाला. मनगट आज दुखलं नाही. भजनी ठेक्याचं तुमचं म्हणणं गुरुजींच्या कानावर घातलं. ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर बोलायलेत ते. पुढच्या रविवारपासून घेऊ."

---

मांजरा_लातूर

मी ६६ वर्षांचा, निवृत्त. बासष्टाव्या वर्षी सतार घेतली.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या गाडीची बातमी रोज वाचताना मिरज हे नाव मनात बसलं. पुढं चार वर्षांनी निवृत्त झालो तेव्हा त्याच गावी जाऊन सतार आणली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरचंच कुणी पास झाल्यासारखं वाटलं. कारागिराच्या दारात भोपळे टांगलेले होते, सुकवलेले. त्यातला एक माझ्या मांडीवर येऊन बसलाय, या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

पहिले दोन महिने डाव्या हाताची बोटं तारेनं कापली. खोबरेल लावून पुन्हा बसायचं. मग घट्टे पडतात आणि दुखणं संपतं. ते दिवस ज्यानं काढले तो टिकला. उजव्या हातातली नखी (तार छेडायची बोटातली तारेची अंगठी) घट्ट बसवू नका, बोट बधिर होतं.

वय वाढलं की पाठांतर होत नाही असं म्हणतात. माझा अनुभव: नवीन गोष्ट एका दिवशी कमी घ्यायची, पण तिच्याकडं तीन दिवस सलग परत यायचं. एक गत, म्हणजे सतारीवरची बंदिश, मला अडीच महिने पुरते. पुरू द्या, घाई कुणाला आहे?

६४ व्या वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा दिली. सभोवताली सगळी शाळकरी पोरं. एका मुलीनं मला पेन्सिल दिली आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला भीती वाटतेय का?" वाटत होती. पण परीक्षेची तारीख समोर असली की रियाज चुकत नाही, एवढं नक्की सांगतो. पखवाजासाठीही त्यांच्या परीक्षा आहेत. ताई, विचार करा.

---

कयाधू_हिंगोली

ताई, मी पण भजनी मंडळातली. आमच्याकडं मंडळाचा पखवाज देवळात पडून आहे, वाजवायला कुणी नाही. तुमचं वाचल्यापासून दोन दिवस मनातून जात नाही. दोन शंका आहेत.

घरात गहू कमी, ज्वारी भरपूर. पखवाजाच्या कणकेला ज्वारीचं पीठ चालेल का?

आणि बाईनं मृदंग मांडीपुढं घेतला तर आमच्या गावात बोलतील. तुम्हाला कुणी बोललं नाही का?

---

टाळकरी_परभणी

@कयाधू_हिंगोली, वहिनी, देवळात पडून असलेला पखवाज आधी जाणत्याला दाखवा. पुड्या फाटल्यात का, वाद्या (पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) कुजल्यात का, लाकडाला चीर आहे का. खोडाला चीर नसेल तर बाकी सगळं बदलता येतं.

हवेचं पण लिहून ठेवतो, कारण आपल्याकडचं ऊन वेगळं. चैत्र-वैशाखात कातडं तणतं, आवाज वर चढतो. पाऊस लागला की तेच ढिलं पडतं. म्हणून एकदा जुळवला म्हणजे वर्षभर जुळला असं होत नाही. हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. जास्त फरक असेल तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकवायचे. हातोडी पुडीवर घसरू देऊ नका, एका फटक्यात पुडी जाते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पखवाज ठेवू नका. आणि काम झालं की कणीक लगेच काढून ओल्या फडक्यानं पुसा. वाळली की पुडीला ओढून धरते, शिवाय उंदीर येतो. माझी एक चांगली धुमपुडी उंदरानं एका रात्रीत खाल्ली, सप्त्याच्या आदल्या दिवशी.

---

बालाघाट_अंबाजोगाई

उशिरा लिहितेय, परवा एकादशी होती.

पहिल्यांदाच मंडळींत वाजवला. गुरुजींनी सात रविवार भजनी ठेका करून घेतला होता. कणीक भिजवताना हात थरथरत होते. पहिला गजर नीट गेला. दुसऱ्या चालीत मंडळी रंगली, लय चढली आणि माझा हात मागं पडला. एक पूर्ण आवर्तन हुकलं. पूर्वीची मी असते तर हात उचलून बसले असते. पण तोंडात ठेका चालू होता. मी हात थांबवले, दोन आवर्तनं नुसती ओठांत म्हटली आणि पुढच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत आत शिरले. पेटीवाल्या वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि भाता जरा सावकाश केला, लय खाली आणली. त्यांनी ते माझ्यासाठी केलं हे बाकी कुणाला कळलंही नसेल. मला कळलं.

@टाळकरी_परभणी, दादा, तुमचं म्हणणं पटलं. चौदा महिन्यांच्या रियाजात जे कळलं नव्हतं ते त्या पाऊण तासात कळलं: टाळ ऐकत वाजवायचं असतं, आणि मी इतके दिवस फक्त स्वतःचा हात ऐकत होते. पण तोंडात आधी बसलेलं नसतं तर परवा परत आत येता आलं नसतं, हेही तितकंच खरं. चौताल सोडणार नाही.

@कयाधू_हिंगोली, बोलले. सासूबाईंच्या वयाच्या एक आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे काय नवीन?" परवा त्याच आजींनी भजन संपल्यावर परातीतली उरलेली कणीक उचलून नेली, गाईला घालते म्हणाल्या. तुम्ही देवळातला पखवाज पुसून घ्या, पुढचं पुढं बघू.

ज्वारीचं पीठ मी करून बघितलं, आपल्याकडं कुणाच्याही मनात तेच येणार. जमत नाही. ज्वारीला चिकटपणा नाही. पसरताना कडा भेगाळतात आणि तिसऱ्या-चौथ्या थापेला गोळा सुटून मांडीवर पडतो. उकड काढून बघितली, तीही वाळली की तडकते. गव्हाचंच घ्या, मूठभर लागतं. मैदा नको, फार ताणतो.

@दुधना_जालना, दादा, गुरुजी तबला शिकवत नाहीत, पण लयीचं काम सगळ्यांकडून सारखंच करून घेतात. एकदा येऊन बघायचं असेल तर या रविवारी या. जालन्याहून पहाटेची गाडी धरली तर साडेदहा-अकरापर्यंत पोचाल. मला इथंच निरोप टाका, स्टँडवर घ्यायला येते. दुपारचं जेवण आमच्याकडं.